दादाचा आवाज

मंगळवार, दिवेलागण. उस्मानपुरा.

दादानं बनवलेला मेंढ्यांचा गेम आज ब्राउझरमध्ये चालला एकदाचा. दादा गेला, मागोमाग त्याचा कॉम्प्युटरही. म्हणून गेम चालवणारं अख्खं इंजिनच ब्राउझरमध्ये बसवायचा हा खटाटोप. आईच्या मोबाइलवर लिंक उघडली. मेंढ्या निघाल्या, मागं फेटेवाला मेंढपाळ, पण दादानं त्याला दिलेला स्वतःचा आवाज येईना.

"हा गप का रं?" आई म्हणाली.

चूक माझीच. स्क्रीनला बोट लागल्याशिवाय ब्राउझर आवाज सोडत नाही, आणि सुरुवातीचं बटण मी टाकलंच नव्हतं. सांगणार, तेवढ्यात आईनं मेंढपाळाच्या फेट्यावरून बोट फिरवलं, आणि मोबाइलमधून दादाचा आवाज आला.

"हुर्रर्र, चला गं बायांनो!"

आईनं मोबाइल कानाशी नेला.

बटण आता टाकतो म्हणालो, तर म्हणते, "नको. डोक्यावरून हात फिरवला की बोलतोय. तसाच राहू दे."