वाढलं

४ नोव्हेंबर
डिचोलीच्या या छोट्या इस्पितळात सोनोग्राफीची डॉक्टर म्हणून आज रुजू झाले. पुण्यातून सुटले बाई एकदाची! शालिनी सिस्टरनी गरम उंडे पाव आणि पातळ भाजी खिलवली. माझी बांगडी मशीनला लागून फुटली, तशा त्या दचकल्या. फुटली म्हणूचा नाय बाय, वाढली म्हणूचा, म्हणाल्या. मला हसू आलं.

६ नोव्हेंबर
कोरगावची गौरवी. पहिलटकरीण, नवव्या आठवड्यात गर्भ पडला. पिशवीत अठरा मिलिमीटरचा अंश उरलाय, हृदयाचे ठोके नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आठवड्याने पुन्हा बघून पुढचं ठरवायचं. ती फार रडली. तुला काही होऊ देणार नाही, असा शब्द देऊन बसले. बाहेर सासूला 'पडलं' म्हणवेना, म्हणून म्हटलं, वाढलं. म्हातारीला कळलं, तिने डोळे पुसले. सिस्टरचा शब्द कामाला आला.

१३ नोव्हेंबर
एकतीस मिलिमीटर. गोळ्यांनी कमी व्हायला हवं होतं. मशीन तपासून घेतलं, ठीक आहे.

१५ नोव्हेंबर
अठ्ठेचाळीस. ठोके नाहीत, तरी हात फुटलेत. गौरवी पांढरीफटक पडलीय. सिस्टर माझ्याकडे बघत नाहीत. तुम्हीच तसा बोललात, एवढंच म्हणाल्या. आधी संताप आला, मग भीती वाटली. बोलले होते खरी.

१६ नोव्हेंबर
मी पोटावर प्रोब धरला, मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर बघत नळी घातली. टोक जवळ गेलं की आतलं ते मागे सरकायचं. तीनदा. शेवटी निघालं. पिशवी स्वच्छ! मी तिथेच रडले. या वेळी सासूला सरळ सांगितलं, आत आता काहीच राहिलं नाही.

१८ नोव्हेंबर
गौरवी तपासणीला आलीय. पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटत नाहीत, म्हणते. प्रोब ठेवला. पिशवी दिसेना. मूत्राशय नाही. वर सरकवला — मूत्रपिंडं, यकृत — काही नाही, नुसता काळोख. स्वतःच्या पोटावर लावून बघितला. माझं सगळं दिसतं.

मीच बोलले. काहीच राहिलं नाही, म्हणाले.

ती हात धरून विचारतेय, सगळा ठीक आसा मा? तिचा हात गार पडतोय. काहीतरी बोलायलाच हवं — 'भरलंय' म्हणू? कशानं भरेल —

बोलले. सगळं होतं तसंच आहे, म्हणाले.

दिसायला लागलं! यकृत. मूत्रपिंडं. हात कोमट झाला, ती हसतेय. मूत्राशय. पिशवी —

पिशवीत —