पहिल्या सामन्यापासून मैदानात

३ जून
गेला! पावणेसात फुटी सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा सगळ्यात उंच गडी; चार आठवडे त्याच्या मागे लागलो आणि ऐनवेळी ‘सम्राट’ नावाच्या दुसऱ्या कोचने पळवला! ऑनलाइन खेळातला बास्केटबॉलपटू, खोटा का असेना, जीव खराच जळतो. या खेळात आम्ही सगळे कॉलेजांचे कोच; पोरं मिळवायला प्रत्येकाला आठवड्याला शंभर गुण — फोन, पत्रं, घरी भेट, सगळं त्यात भागवायचं. माझं कॉलेज तळातलं. सम्राटाचं नुसतं नाव ऐकून पोरं धावतात.
बायको म्हणाली, “दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासता, ते डोळ्यांना पुरत नाही का?”

५ जून
चिमणीला — म्हणजे आमची लेक, घरात सगळ्यात उंच तीच — घराजवळच्या मोठ्या कॉलेजने बास्केटबॉल संघात घेतलं! पंधरा जणींत शेवटची का होईना, घेतलं. लेक डोळ्यांसमोर राहणार, मला आणखी काय हवं? चौदा तासांवरच्या कुठल्याशा लहान कॉलेजचंही पत्र आलंय. तिकडे कोण मरायला जातंय!

९ जून
डोकं चाललं! सम्राटाकडे आधीच तीन सेंटर आहेत. नव्या हंगामातला भारी सेंटर तिकडे गेला, तर दोन वर्षं बाकावर बसून बाटल्या भरणार. मोठं नाव काय चाटायचंय? यंदा भेटीबिटी बंद. रोज एक साधा फोन आणि एकच वचन — पहिल्या सामन्यापासून मैदानात. वचन मोडलं की पोरगा संघ सोडतो, म्हणून मोठी कॉलेजं ते देतच नाहीत. मी बिनधास्त देणार. माझ्याकडे सेंटरच नाही!
चिमणी खांद्यावरून बघत होती. “आणि तो नाहीच आला तर, बाबा?”
म्हटलं, “खेळायची हौस असेल तर येईल. बसायची असेल तर जाऊ दे तिकडे.”

१४ जून
पोराचा कल माझ्याकडे — चाळीस टक्के! त्या नादात एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. मालकाने झाप झाप झापलं.

२१ जून
आला! आला! आला! यंदाचा सगळ्यात भारी सेंटर माझ्या फाटक्या कॉलेजात! शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ म्हणतात ते उगाच नाही. सम्राटाचा निरोप — “कसं जमवलंस?” सात हंगामांत पहिल्यांदाच मी त्याला दिसलो. उत्तर दिलं नाही. बसू दे डोकं खाजवत!
स्वयंपाकघरात झारा घेऊन नाचलो. बायको हसून हसून खाली बसली. चिमणीला अख्खा डाव पहिल्यापासून समजावला. फार मन लावून ऐकत होती. एकदाच विचारलं, “बाकावरच्यांचं पुढे काय होतं?”
“काय व्हायचंय? गंजतात.”

२३ जून
चिमणीने घराजवळच्या कॉलेजला नाही कळवलं. त्या चौदा तासांवरच्या कोचबाई पंधरा दिवस तिला रोज एक फोन करत होत्या म्हणे. “पहिल्या सामन्यापासून मैदानात, बाबा!”
चौदा तास लांब! आणि वचन तर माझंच.
माळ्यावरची मोठी बॅग मीच काढून दिली.