तवा घेऊन पुढं गेलोय

मीनाक्षी सूनबाई,

स्वयंपाकघरात तवा शोधू नकोस. तो घेऊन मी सकाळच्या बसनं वेरूळला पुढं निघालोय. आपल्या घरघंटीवरचं ज्वारीचं पीठही सोबत आहे. तू आणि श्रीनिवास बारापर्यंत या.

लेण्यांजवळच्या खानावळवाल्या सरूबाईंशी परवाच बोलून आलो. तुला गव्हाचा कणही चालत नाही म्हटल्यावर त्यांनी चुलीच पुसायला घेतल्या! त्यांच्या हिंगाची डबी मी चष्मा लावून वाचली, तर त्यात मैदा निघाला. "मग वरणाला लसणाची फोडणी देते की. सूनबाई पोटभर जेवली पायजे," म्हणाल्या. वांग्याची भाजी आणि ठेचाही आहे. लई मजा येणार आहे.

करमाडच्या लग्नात "एका पुरीनं काय होतंय?" असं मीच म्हणालो होतो. तू माझा शब्द मोडला नाहीस आणि आठवडाभर अंथरुणाला खिळलीस. तेव्हापासून कुठंही गेलो की आम्ही ताटावर बसतो आणि तू कोपऱ्यात डबा उघडतेस.

आज तू ताटावर बसायचं. तुझा डबा मी पळवलाय. त्यात कालची भाकरी आहे, ती मी खाणार.

अण्णा