खडेमीठ आणि तांबड्याचा डोळा

आपला तांबडा कुत्रा म्हातारा झाला नव्हता. तीन वर्षांचा होता. तुम्ही सगळ्या वाडीला खोटं सांगितलंत आणि मी शेजारी उभी असून तोंड उघडलं नाही.

आण्णा, मी तुमची धाकटी लेक. चौथीतनं शाळा तुम्हीच सोडवलीत, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर बोलायचं नाही.

आज सकाळी आमचं कुत्रं उसातनं आलं ते डावा डोळा मिटूनच. पाणी गळत होतं, पंजानं सारखं चोळत होतं. न्याहारी होईतो बुबुळावर निळसर साय धरली. सून म्हणाली, "आत्या, घोडेगावला नेऊ, जनावरांच्या डॉक्टरकडं." मी म्हणाले, "आमचे आण्णा बैलांचे डोळे घरीच बरे करायचे." खडेमीठ चावलं आणि कुत्र्याचं डोकं गुडघ्यांत धरलं. ते हललं नाही. चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिलं. तांबडाही असाच बसला होता.

पार तळेघरकडची माणसं बैल घेऊन तुमच्याकडं यायची. तुम्ही मीठ चावून बैलाच्या डोळ्यात चूळ मारायचात नि म्हणायचात, "जा पावणं, डोळ्यातलं पांढरं फूल गळून पडंल." कुणाचं गळलं, कुणाचं नाही, मागं सांगायला कोण येतंय. मग एक दिवस तांबड्याचा डोळा असाच एकाएकी मिटला. तुम्ही म्हणालात, "पोरी, डोकं धर." मी धरलं. चूळ बसली तसा तो असा किंचाळला, की आई चूल सोडून बाहेर आली. तुम्ही तिला म्हणालात, "हिचा हात बघ. गड्यासारखा घट्ट."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. डोळा पांढरा झाला नि गेला. त्यानंतर तांबडा दारातल्या रांजणाला डोकं आपटतच घरात यायचा. ठक. बिबट्या आला तोही त्याच आंधळ्या बाजूनं, नि तांबड्याला घेऊन गेला.

रांजण कधीचा फुटला, माहेरच्या घरावर स्लॅब आला. अजून पहाटे इथं सासरी ते ठक ऐकू येतं. मी दार उघडते. दारात कुणी नसतं.

तर आज सकाळी मी तोंडातलं मीठ थुंकलं. सुनेला म्हणाले, "काढ तुझी स्कूटी."

डॉक्टरीण कोवळी पोरच. तिनं डोळ्यात रंगाचा थेंब सोडून बॅटरी मारली, तर बुबुळावर हिरवी रेघ चमकली. "उसाच्या पात्यानं कापलंय. आजी, घरचं काय घातलं का?"

"न्हाई."

"बरं केलं. मीठ, मध, माणसांचे उरलेले थेंब, कायबी घालायचं न्हाई. डोळा एकाएकी मिटला, लाल झाला, निळा पडला, न्हाईतर कुत्रं धडकाय लागलं, तर त्याच दिवशी आणायचं. उद्या बघू म्हणलं की डोळा जातो."

धडकाय म्हणाली तसं ठक झालं. भर दवाखान्यात. बाकी कुणी ऐकलं नाही.

आता कुत्रं गळ्यात प्लास्टिकचा कर्णा घालून बसलंय. सून म्हणते, "आत्या, लग्नाला भाड्यानं देऊ याला." डोळा राहील बहुतेक. परवा पुन्हा दाखवायचाय.

एक राहिलं. डोळा बिघडतोय हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी मी डोकं धरलं. वाटलं, तुम्ही हाताचं पुन्हा तसं म्हणाल. जन्मात तेवढं एकच कौतुक केलं होतंत. तुम्ही म्हणाला नाहीत.

हा कागद पेटीत राहणार. तुम्ही उत्तर द्यायचं नाही, तुम्ही पुन्हा 'कुत्रं म्हातारंच होतं' म्हणाल. तांबडा तिथं वर तुमच्याजवळ असेल, तर त्यानं द्यायचं.