पहाटेचं गिऱ्हाईक

वाशीम, ८ फेब्रुवारी १९३७, संध्याकाळ

पुण्याहून तीन गाड्या बदलून पोचलो. शेवटच्या डब्यात शेजारी बोकड. त्याचा मालक बोकडाशी बोलत होता, माझ्याशी नाही.

संपादकांनी लेखमालेचं नाव आधीच ठरवलंय : ‘बाजाराची मौज’. आठ दिवस बाजारात खायचं, लोकांत मिसळायचं, मजा करायची. जमलं नाही तर काम ऑफिसातल्या सोहोनीला. सोहोनी! ज्याला शेव आणि पापडी यांतला फरक कळत नाही.

धर्मशाळेत स्वयंपाकाची सोय नाही. उत्तम. बाजारावरच जगणार.

संकल्प : रोज उजाडताच पहिला मी हजर. तेव्हा माल ताजा आणि विकणारा बेसावध.

९ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

प्रोग्रॅम सुरू. प्रयागबाई नावाची माळीण पेरूंची टोपली उतरवत होती. सहा पेरू दाबले, एकाचा वास घेतला, सांगितल्याच्या निम्म्या भावात मागितले. ती कबूल झाली. लगेच कबूल, म्हणजे मालात खोट. सोडून आलो. मागून बराच वेळ बोलत होती. सूर कौतुकाचा नव्हता, पण इकडचा सूरच तसा असावा.

पुढे फुलचंदचं भजी-जिलेबीचं दुकान. पहिलाच घाणा. तेलाचा वास घेतला, एक जिलेबी उजेडात धरून पाहिली, परत परातीत ठेवली. हायजीन!

इब्राहीमच्या हॉटेलात चहा घेणार होतो. मी सुधारक, मला कुणाच्याही हातचं चालतं. पण कपाचा कान तुटका निघाला.

न्याहारी : घरून आणलेल्या दशम्या.

१० फेब्रुवारी, सकाळी ७

मला पाहताच प्रयागबाईनं टोपलीवर फडकं टाकलं. म्हणाली, दिवस वर आल्यावर या. म्हणजे खास माल मागून येतो आणि तो माझ्यासाठी रिझर्व्ह. पण दिवस वर आल्यावर धूळ फार. शिवाय संकल्प तो संकल्प.

फुलचंद म्हणाला, भट्टी पेटलीच नाही. कढई चुर्रचुर्र वाजत होती. खोटारडा.

दशम्या संपल्या.

११ फेब्रुवारी, दुपारी २

प्रयागबाईनं आज मीठ-मिरच्या टोपलीवरून उतरवून रस्त्यात फेकल्या. नजर कुणाची लागली म्हणून विचारलं, तर माझ्याकडे बघत बसली. अडाणी बाई.

बाकी सगळी ओळ माझ्याकडे पाठ करून. इब्राहीमनं तर अर्धा पडदा ओढला. लाजाळू लोक.

संध्याकाळी जाऊन खावं, असं पोट म्हणतं. पोटाचं ऐकून कुणी लेखक झालेला नाही. धर्मशाळेच्या रखवालदारानं अर्धी भाकर दिली, ती संशोधन म्हणून खाल्ली. ‘वऱ्हाडची जिलेबी’ हा लेख लिहायला घेतला. दोन पानं झाली. चव सोडून सगळं आलंय.

१२ फेब्रुवारी, दुपारी १

गुणांची कदर होतेच! फुलचंदनं स्वतः माणूस पाठवून बोलावलं. गरम भजी, जिलेबी, चहा. पोट फुटेस्तोवर.

मग म्हणाला, “मास्तर, उद्या दिवस उगवता समोरच्या गुलाबरावच्या दुकानावर जा. वास घ्या, भाव इचारा, अन काही न घेता निघून या. तुमी रोज करता तसंच. मंग गावात हाये तोवर जेवण माह्याकडे.”

विचारलं, यानं काय होणार? म्हणाला, दिवसाची पहिली विक्री म्हणजे बोनी, आणि ती तुम्ही ज्याची मोडता त्याचा दिवस बुडतो. प्रयागबाईचे पेरू पहिल्या दिवशी सांजेपर्यंत तसेच राहिले. त्याच्या जिलेबीला मुंग्या लागल्या.

संतापलो. पुण्याचा लेखक म्हणजे काय आडवं जाणारं मांजर? शुद्ध अंधश्रद्धा. निक्षून नकार द्यायचं ठरवलं आणि विचाराला संध्याकाळपर्यंत मुदत मागितली.

संध्याकाळी ६

पुन्हा भजी आली. होकार दिला. केवळ संशोधनासाठी.

१३ फेब्रुवारी, दुपारी १२

उजाडताच गेलो. वास घेतला. भाव विचारला. वळलोच होतो. पण हा गुलाबराव कालच परगावाहून परतलेला, इतके दिवस दुकान बंद, त्याला माझ्याविषयी काही ठाऊक नाही. बाकावरचं पीठ खांद्यावरच्या उपरण्यानं झटकून म्हणाला, “या साहेब, बसा.”

या गावात मला बसा कुणी म्हटलं नव्हतं. फार बरं वाटलं. अर्धा शेर जिलेबी घेतली. घासाघीस न करता.

नऊच्या आत गुलाबरावची परात रिकामी. दुसरा घाणा, तिसरा घाणा, दुकानापुढे माणसं मावेनात. फुलचंदच्या दुकानात माशी नाही. त्यानं मला रस्त्याच्या मधोमध गाठलं. सगळी ओळ ऐकत होती, प्रयागबाईसुद्धा.

“फुकटात सारा बाजार बुडवला तुमी,” तो म्हणाला, “अन खाऊ घालून एक काम सांगतलं, तं तेवढंही जमलं नाई.”

सोहोनीला तार केली. ये म्हटलं.