नांगराच्या फाळाइतकी खोल जमीन

त्या दिवशी सकाळी मी अंगण झाडले, शेळीची धार काढली, चहाचे आधण ठेवले आणि विहिरीवर गेले. पोहरा खाली सोडला. दोर संपला, तरी पोहरा बुडाल्याचा आवाज आला नाही. यांना हाक मारली. हे आत डोकावून म्हणाले, "दोर आखडला की काय गं तुझा?" मी म्हटले, "त्याचंही वय झालं. आता कुठला वाढतोय?" दोघेही हसलो. मग हे भिंतीला टेकवलेली पहार आणायला गेले.

मृत्युपत्र असे सुरू करत नाहीत हे मला ठाऊक आहे. तेव्हा आता रीतीने लिहिते. मी, विहिरी खोदणाऱ्याची विधवा, वय अडुसष्ट, हे माझ्या हाताने, माझ्या मर्जीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही. मी शाळेत गेले नाही. मुलाच्या पहिलीच्या पुस्तकावरून त्याच्याआधी वाचायला शिकले.

कलम पहिले. राहते घर मुलाला द्यावे. खाणीच्या सुरुंगांनी मागची भिंत तडकली आहे. पाहणीला आलेल्या साहेबांनी "तडा जुना" असे लिहून नेले. मुलगा त्याच खाणीचा डंपर चालवतो. घरामागची टेकडी त्यानेच खेपा करून नेली. "आई, मी नाही चालवला तर दुसरा कोणी चालवेल," असे म्हणाला. खरे आहे. माझा राग नाही. फक्त डंपर दाराशी आणू नये. जमीन हादरली की मी अजून दोर शोधते.

कलम दुसरे. यांची पहार, दोन्ही कुदळी आणि घमेले मुलीला द्यावे. जावयांनी हसू नये. लहानपणी विहिरीत उतरायचा हट्ट तीच करायची. पहारीला तेल लावत जावे. बँकेत जे काही निघेल ते दोघा भावंडांनी सारखे वाटून घ्यावे.

कलम तिसरे. विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा. याबद्दल मी कचेरीत विचारायला गेले होते. साहेब म्हणाले, "आजी, वरची माती तुमची. खालचं सगळं सरकारचं."

"वरची म्हणजे किती खोल?"

"नांगराचा फाळ जातो तेवढी धरा."

"आणि विहीर?"

त्यांनी फाईल मिटली.

म्हणून नांगराच्या फाळाइतकी खोल अशी ही जमीन, ढासळलेल्या विहिरीसकट, मी माझ्या थोरल्या जावेला देत आहे. मुलाला देत नाही. तो ती खाणीला विकेल, आणि त्याचे चुकले असेही मला म्हणता येणार नाही. जावेला का, ते लिहिणे मला भाग आहे.

खाण यायची होती तेव्हा शाळेत सभा भरली. खाणीच्या साहेबांनी चार पानी कागद आणला. वाचणारे आणखीही होते, पण जाऊ उठून म्हणाली, "साहेबाच्या तोंडून नको. आमची ही वाचेल, मग अंगठा." मी उभी राहिले. रस्ता, दवाखाना, पोरांना कामे, सगळे घडाघडा वाचले. तिसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक परिच्छेद होता. पहिल्याच ओळीत जीभ अडखळली. साहेब हसले. सगळा गाव माझ्याकडे पाहत होता. मी म्हटले, "पुढचं नेहमीचंच आहे," आणि पान उलटले. जावेने अंगठा दिला. तिच्यामागून गावाने दिला. साहेब मला "शाबास" म्हणाले. त्या दिवशी मी दिवसभर हवेत होते.

त्या परिच्छेदात दोन गोष्टी होत्या. खाणीला लागून असलेली शेते गरज पडेल तशी घेतली जातील. आणि खाणीजवळची कोणतीही विहीर आणखी खोल करता येणार नाही. केली आणि काही घडले, तर जबाबदारी खोदणाऱ्याची.

हे पहार घेऊन उतरले तेव्हा वर दोर मी धरला होता. दोर धरणाऱ्याने जागचे उठायचे नाही, हा आमच्या कामाचा नियम. मी उठले नाही. खाणीत सुरुंग उडाला. हातातला दोर आधी ताणला गेला, मग सैल झाला. पंधरा दिवसांनी यांच्या नावाने नोटीस आली: विनापरवाना खोदकाम केल्याबद्दल समक्ष हजर राहून खुलासा करावा. नोटिशीत त्या परिच्छेदाचा आकडा होता. तेव्हा त्या कागदाची घरात पडलेली प्रत काढून मी तो पहिल्यांदा पूर्ण वाचला.

त्याच साली जावेचे शेत गेले. तिने मला रस्त्यात अडवले. "तू वाचलं होतंस ना गं सगळं?" मी म्हटले, "हे त्यात नव्हतंच." त्याला चार वर्षे झाली. गावात पाणी उरले नाही, तरी जाऊ मला पाण्यात पाहते. तिचे बरोबर आहे.

कलम चौथे. माझ्यामागे हे मृत्युपत्र शाळेच्या पटांगणात सर्वांसमोर वाचावे. एकही ओळ गाळू नये. वाचणारा अडखळला तर कोणी हसू नये. त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचू द्यावे.

सही : विहीरवाल्याची बायको. गाव मला याच नावाने ओळखतो.
साक्षीदार : टपालवाला (सही). शेजारची शिंपीण (अंगठा, मजकूर पूर्ण ऐकला, मगच दिला).
ठिकाण : राहते घर, पुढची खोली.
तारीख : मार्च महिन्याची अकरा.

पुरवणी, तारीख तेरा. सह्या झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडले, शेळीची धार काढली आणि तो चार पानी कागद घेऊन जावेकडे गेले. ती दारातच म्हणाली, "काय आहे?" मी उंबऱ्यावर बसले आणि तिला तिसरे पान तळापर्यंत वाचून दाखवले.