उणे अकरा मीटर

८ मे
उणे अकरा मीटर! पुरात नाल्याचं पाणी चढणार म्हणे उणे अकरा मीटर! आणि मी मूर्ख, न बघता तोच तक्ता सरांना पाठवला. सगळ्या ऑफिसदेखत म्हणाले, "काय हो पदवीधर, नाला पाताळात नेलात की काय?" सगळे खिदळले. मागच्या महिन्यात माझ्याच हिशोबावर खालच्या वस्तीची पूरभिंत किती उंच हवी ते ठरलं, तेव्हा हेच सर पाठ थोपटत होते!
आकडे पुन्हा पुन्हा तपासलेत. चूक माझी नाही. नाही म्हणजे नाही.

९ मे
तेच गणित, तेच आकडे – सकाळी एक उत्तर, दुपारी दुसरं. मग पडदा निळा आणि सगळं बंद! कॉम्प्युटर दादाचा, गेम खेळायला घेतलेला. ऑफिसातला रखडतो, म्हणून मी यावर गणितं सोडवते. दादाला म्हटलं, बिघडलाय. म्हणतो, "माझे गेम तर भन्नाट पळतात. घरातली पहिली पदवी, झेपत नसेल त्याला!"

१० मे
प्रोग्राम काढून पुन्हा घातला. तेच. मेमरीची एक पट्टी काढली – ठीक. ती लावून दुसरी काढली – ठीक. दोन्ही लावून मेमरीची तपासणी केली – लाल ओळींवर लाल ओळी! दादा मागे उभा, कान खाजवत. तेव्हा कुठे तोंड उघडलं.
"अगं, मेमरी जरा ओव्हरक्लॉक केलीय. दिवाळीत कॉम्प्युटर आणला त्याच दिवशी, व्हिडिओ बघून. सगळेच वेग वाढवतात."
जरा! गेममध्ये एखादं झाड तिरकं उगवलं तर कोण बघतं? माझ्या गणितात आकडाच बदलतो! आई आतून ओरडली, "अरे, घर डोक्यावर घेतलंत, झालं तरी काय?"

११ मे
दादाचा तोडगा – वेग थोडाच उतरवू. "ओव्हरटाइम करून घेतलाय मी. रांगत चालवायला नाही." तपासणी पास. दादासाहेब ऐटीत खेळायला बसले. तो उठल्या उठल्या मी गणित लावलं – पुन्हा चुकलं! थंड असताना पास, गेमने कॉम्प्युटर तापला की नापास. असलं पास होणं काय चाटायचंय? मी म्हटलं, वेग मूळचा कर, आत्ता.
"एका नाल्यासाठी?"
"काठावर माणसं राहतात, दादा!"
तो चपला घालून बाहेर गेला.

१२ मे
सकाळी त्यानेच वेग मूळचा केला. नाल्याचं गणित सुटलं. कितीदाही चालवा, उत्तर तेच.
मग मागच्या महिन्यात याच कॉम्प्युटरवर सोडवलेलं पूरभिंतीचं गणित चालवलं. पुन्हा चालवलं. दादाला शेजारी बसवून पुन्हा.
पाणी भिंतीवरून जातं.
बांधकाम सुरू झालंय. सरांकडे निघालेय.